तासिका अनेक, मूल एक : नव्या शिक्षकांसाठी समवायाचा अभ्यास

शाळेच्या वेळापत्रकात दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते. मराठीचे पुस्तक दप्तरात जाते, गणिताचे बाहेर येते. गणित मिटते, विज्ञान उघडते. ज्ञानाची ही विभागणी आवश्यक आहे, कारण प्रत्येक विषयाची शिस्त वेगळी असते आणि ती स्वतंत्रपणेच अंगी बाणते. परंतु मुलाच्या मनात अशी घंटा होत नसते. सकाळी हौदातील पाणी तळाला गेलेले दिसले की ते का गेले, किती उरले, कोणाच्या वाट्याला किती यावे आणि आता काय करावे, हे सारे प्रश्न त्याला एकदमच पडतात. पहिला प्रश्न विज्ञान-भूगोलाचा, दुसरा गणिताचा, तिसरा नागरिकशास्त्राचा आणि चौथा नीतीचा, ही वाटणी मोठ्या माणसांनी नंतर केलेली असते.

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला अध्यापक विद्यालयात पाठाचे टाचण काढताना ‘समवाय’ हा शब्द भेटलेला असतो. टाचणाच्या नमुन्यात त्यासाठी एक रकाना असतो आणि तो भरलाही जातो. प्रत्यक्ष वर्गात मात्र अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, चाचण्यांची तयारी आणि वर्ग सांभाळण्याची धडपड यांत तो रकाना कोराच राहतो. म्हणून या लेखात आम्ही त्या एका रकान्याचा विचार करणार आहोत. रोजच्या पाठात निरनिराळे विषय कसे जोडावेत, कुठे जोडावेत आणि कुठे जोडू नयेत, हा या अभ्यासाचा विषय आहे. तो शिक्षकांपुरता नाही. आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी अनेक जण घरातील पहिलीच शिकणारी पिढी आहेत. त्यांच्या पालकांना आणि शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही या कामात जागा आहे, हे पुढे दिसेल.

परंपरेकडे एक दृष्टिक्षेप

विषय जोडून शिकवण्याची कल्पना नव्या धोरणाने अचानक आणलेली नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने येथील शिक्षणाचे वर्णन करताना पाच विद्यांची नोंद केली आहे : शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या आणि अध्यात्मविद्या. भाषा, हस्तकौशल्य व गणना, वैद्यक, तर्क आणि धर्मचिंतन या पाचही गोष्टी एकाच विद्यार्थ्याने शिकायच्या होत्या. नालंदेची कीर्ती ज्या काळात सर्वदूर पसरली, त्या काळातील बौद्ध विद्यापरंपरेत औषध जाणणारा भिक्खू आणि तर्क जाणणारा भिक्खू ही दोन वेगळी माणसे असलीच पाहिजेत, असा आग्रह नव्हता.

त्याआधीही, स्वतः भगवान बुद्धांची शिकवण्याची रीत पाहिली तर ती हाताशी असलेल्या वस्तूपासून सुरू होते. राहुलाला असत्य भाषणाचा दोष सांगताना त्यांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्याच्यापुढे धरले, ते सांडले, मग ते रिकामे भांडे पालथे करून दाखवले. सोण या भिक्खूला अतिरेकी साधनेचा दोष समजावताना त्यांनी वीणेच्या तारांचा ताण आठवायला लावला. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत तर हेच सांगतो की, कोणतीही गोष्ट एकटी उभी नसते. ती अनेक कारणांच्या आधाराने उभी असते. ज्या परंपरेचा पाया असा आहे, तिच्या शाळेत विषयांमध्ये भिंती असाव्यात हे विसंगत ठरेल.

आधुनिक महाराष्ट्रातही हा धागा अखंड दिसतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी वाचन, लेखन व हिशेब यांच्या जोडीला इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचीही मागणी केली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला आणि हस्तोद्योग, निसर्ग व समाज या तीन केंद्रांशी सर्व विषयांचा समवाय साधावा, असे सुचवले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी शाळाच अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या अनुभवांभोवती अनेक विषय गुंफणारे प्रकल्प रोजच्या शिकवण्याचा भाग केले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने विषयांमधील कठोर विभागणी सैल करण्याची दिशा स्वीकारली.

आपल्या मुलांपुरती एक अट

या परंपरेचा आदर राखूनही एक प्रश्न आपल्या समाजाने विचारलाच पाहिजे. मुलाच्या घरच्या व्यवसायाला केंद्र करून शिकवायचे, म्हणजे विणकराच्या मुलाला मागच आणि विडी वळणाऱ्या आईच्या मुलीला सूपच दाखवत राहायचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी वर्ध्याला हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची योजना मांडली गेली. ज्यांच्यावर हस्तोद्योग जन्मानेच लादलेला होता, त्यांच्या मुलांच्या बाबतीत ही योजना नव्याने तपासून घेणे भाग होते आणि आजही आहे.

म्हणून आपल्या शाळेतील समवायाला आम्ही एक अट घालतो. मुलाचे जग वर्गात जरूर यावे. ते यावे ते प्रश्न विचारण्यासाठी. आईच्या हातातील काम हा मुलीचा भावी व्यवसाय म्हणून शिकवायचा नसतो. त्या कामाचा दर कोण ठरवते, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, त्याबाबत कायदा काय म्हणतो, हे तिला वाचता, मोजता आणि मांडता यावे, एवढ्यासाठी तो वर्गात आणायचा. ही अट पाळली तर समवाय मुलाला मुक्त करतो. ती सुटली तर तोच समवाय मुलाला जागच्या जागी खिळवून ठेवतो.

पाण्याचा आठवडा : एक नमुना पाठ

नव्या शिक्षकाला तत्त्वापेक्षा नमुना अधिक उपयोगी पडतो. म्हणून इयत्ता सहावी-सातवीसाठी एका आठवड्याचा पाठ येथे तपशिलाने देत आहोत. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ या नावाखाली जे एकत्र असते, ते सहावीत सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र असे वेगळे होते. नेमक्या याच वळणावर मुलांची पकड सुटते. म्हणून याच इयत्तांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर. आठवड्याचा प्रश्न एकच : आपल्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी आपल्याला किती दिवस पुरेल?

पहिला दिवस गणिताचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हे सूत्र आयते सांगू नये. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर उंच अशा पाण्याच्या थराचे घनफळ मुलांनाच काढू द्यावे. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरले जाते. शंभर चौरस मीटरचे छप्पर घेतले तर त्यावर वर्षभरात ५५,००० लिटर पाणी पडते. काही उडून जाते, काही वाहून जाते. ऐंशी टक्के हाती लागले असे मानले तर ४४,००० लिटर उरतात. आकडा मोठा दिसतो आणि वर्ग खूश होतो. मग दुसरा आकडा पुढे ठेवावा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई, दरदिवशी ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. वसतिगृहात शंभर मुले असतील तर रोज ५,५०० लिटर लागतील. ४४,००० भागिले ५,५०० म्हणजे आठ. वर्षभराचा पाऊस, आणि पुरणार आठ दिवस!

या उत्तरानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती शिक्षकाने घाईने मोडू नये. नंतर मुलेच विचारतात की वर्षभर पुरायला किती मोठे छप्पर लागेल. उत्तर येते सुमारे ४,५६० चौरस मीटर, म्हणजे एका एकराहून मोठे. गुणाकार, भागाकार, शेकडेवारी, घनफळ आणि एककांचे रूपांतर या पाच घटकांचा सराव एका खऱ्या प्रश्नाने करून घेतलेला असतो.

दुसरा दिवस भूगोलाचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग त्याच राज्यात सोलापूरला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपासच का? नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच बरसतात. पलीकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा पुस्तकातील शब्द आता मुलांच्या स्वतःच्या भागाकाराचे कारण म्हणून समोर येतो. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा आपल्या जिल्ह्यात कशी येते, उजनी धरण कुठे आहे, हे नकाशावर बोटाने दाखवण्याची इच्छा याच वेळी जागी होते.

तिसरा दिवस विज्ञानाचा. शेतातील काळी माती आणि मुरूम समान वजनाने घ्यावेत. तळाला भोके पाडलेल्या दोन डब्यांत ते भरून सारखेच पाणी ओतावे आणि खाली किती गळते ते मोजावे. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हात आकसते आणि तिला भेगा पडतात. याच गुणामुळे पावसाळा संपल्यावर जमिनीतील ओलीवर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामागे ही माती आणि हे हवामान आहे. ताटातील भाकरी, शेतातील भेग आणि डब्यातील प्रयोग एका ओळीत येतात.

चौथा दिवस इतिहास, नागरिकशास्त्र आणि धम्म यांचा. पाणी कमी आहे एवढे कळून भागत नाही. कमी असलेले पाणी कोणाला मिळते, हा खरा प्रश्न असतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते या आठवड्यात शिकवले तर मुलांना ती केवळ परीक्षेतील तारीख वाटत नाही. तळ्यात पाणी होते, कायद्याने तळे खुले झालेले होते. तरीही घोटभर पाण्यासाठी संघर्ष करावा लागला. टंचाई निसर्गाची असते आणि माणसाचीही असते, हा भेद सहावीच्या मुलाला स्वच्छ कळतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा दाखवला आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि सामोपचाराचा मार्ग सुचवला. आता नकाशाकडे परत यावे. भीमा ही कृष्णेची उपनदी. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. नदीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या लोकांचे भांडण अडीच हजार वर्षांपूर्वी होते, आजही आहे. ते तलवारीने सोडवायचे की मोजमाप, पुरावा आणि चर्चा यांनी, हा नागरिकशास्त्राचा धडा आहे आणि धम्माचाही आहे.

पाचवा दिवस भाषेचा. आपल्या वर्गात मराठी बोलणाऱ्या मुलांशेजारी कन्नड आणि तेलुगू घरांतील मुलेही बसतात. पाण्याला कन्नडमध्ये ‘नीरु’ आणि तेलुगूत ‘नीळ्ळु’ म्हणतात. मराठी कवितेतील ‘नीर’ हा शब्द मग परका राहत नाही. मुलांनी आठवड्याचा अहवाल लिहावा, आकडे तक्त्यात मांडावेत आणि ग्रामपंचायतीला किंवा शाळेच्या व्यवस्थापनाला एक विनंतिपत्र तयार करावे. पत्रलेखन हा अभ्यासक्रमातील घटकच आहे. फरक इतकाच की हे पत्र खरोखर पाठवायचे असते. ज्या मुलाला आपल्या मागणीखाली आकडा लिहिता येतो, त्याचा आवाज पुढे कोणी सहज दाबू शकत नाही.

परिसरातील आणखी काही धागे

पाणी हे एक उदाहरण झाले. कुंभारी-सोलापूरच्या परिसरात असे धागे पावलोपावली आहेत.

सोलापुरी चादर घ्यावी. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या चादरीवरील नक्षी जॅकार्ड यंत्रणेने उमटते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने कोणता उभा धागा वर उचलायचा हे ठरते : छिद्र असेल तर एक, नसेल तर दुसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये साकारलेल्या याच छिद्रपत्रांच्या कल्पनेने पुढे चार्ल्स बॅबेजला गणनयंत्राची वाट दाखवली. आलेख-कागदावर चौकटी रंगवून मुलांनी नक्षी तयार केली की सममिती, निर्देशक आणि संगणकाची द्विमान भाषा यांची ओळख एका चादरीवर होते. दोऱ्याला कन्नडमध्ये ‘दार’ आणि तेलुगूत ‘दारम्’ म्हणतात, ही भाषेची गाठही तेथेच सापडते. गिरणगाव सोलापूरचा इतिहास आला की १९३० चा मार्शल लॉ येतो आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे येतात.

कुंभारीतील वसाहतींची नावे हाही एक पाठच आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. असंघटित कामगारांसाठीच्या रे नगर प्रकल्पात तीस हजार घरांची योजना आहे. त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. रोज ज्या नावाने पत्ता सांगतो, ती गोदूताई कोण, असा प्रश्न मुलांना विचारावा. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करणारी, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाची लेखिका, अशी ओळख झाली की इतिहास आणि भाषा एकत्र येतात. वारली चित्रातील वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन हातात आले की कला आणि भूमितीही त्यांना येऊन मिळतात.

विडीचा विषय मात्र फार जपून हाताळावा लागतो. हजार विड्यांमागे दर, कमी प्रतीच्या म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, शेकडेवारी, तंबाखूच्या धुळीचा फुप्फुसांवर होणारा परिणाम, १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा, एवढे सारे त्यात आहे. परंतु वर्गात कोणत्याही मुलाला ‘तुझी आई दिवसाला किती मिळवते’ असे विचारू नये. आकडे सर्वसाधारण घ्यावेत, घर मुलाचे स्वतःचे ठेवावे. मुलाच्या सन्मानाला धक्का लावून साधलेला समवाय नको.

नव्या शिक्षकाने काय करावे

पहिली गोष्ट, सुरुवात लहान करावी. महिन्यात एक आठवडा, एक इयत्ता, एक प्रश्न. सर्व विषय सदैव जोडण्याच्या हट्टाने शिक्षक थकतो आणि मुले गोंधळतात.

दुसरी गोष्ट, केंद्रस्थानी वस्तू न ठेवता प्रश्न ठेवावा. ‘आंबा’ हे केंद्र घेतले की आंब्याची कविता, आंब्यांची बेरीज आणि आंब्याचे चित्र एवढेच हाती लागते. त्यात विषय शेजारी बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत. पाढे चालीवर म्हणून घेतले म्हणजे गणित आणि संगीत यांचा समवाय झाला, असेही नव्हे. एका विषयाचे उत्तर दुसऱ्या विषयाशिवाय अपुरे राहते, तेथेच खरा जोड असतो. आठ दिवसांचे उत्तर भूगोलाशिवाय समजत नाही, म्हणून तेथे भूगोल आला.

तिसरी गोष्ट, प्रत्येक विषयाची शिस्त अबाधित ठेवावी. विज्ञानाच्या दिवशी प्रयोग नीट मोजलाच पाहिजे. इतिहासाच्या दिवशी पुरावा मागितलाच पाहिजे. कुंभारी या नावावरून मुले लगेच कुंभारांचे गाव असा निष्कर्ष काढतील. तेव्हा ‘हे कशावरून?’ असे विचारावे आणि जुनी कागदपत्रे, वयस्क माणसे, गावातील वस्त्या यांकडे त्यांना पाठवावे. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, हा कालामांना दिलेला उपदेश इतिहासाच्या तासालाच सर्वाधिक उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट, सहकाऱ्यांशी बोलावे. शिक्षकखोलीत दहा मिनिटे बसून गणिताच्या शिक्षकाने भूगोलाच्या शिक्षकाला ‘पुढच्या आठवड्यात तुम्ही कोणता घटक घेणार आहात?’ एवढे विचारले तरी निम्मे काम होते. नव्या शिक्षकाने संकोच सोडून ज्येष्ठांकडे जावे आणि ज्येष्ठांनीही त्याला सन्मानाने जवळ बसवावे.

पाचवी गोष्ट, आठवड्याच्या अखेरीस तपासावे. समवायी पाठात वर्ग रमला म्हणजे शिकला, असे मानणे धोक्याचे आहे. त्या आठवड्यातील गणिताचे घटक वेगळ्या उदाहरणावर मुलाला सोडवता येतात का, पर्जन्यछाया त्याला दुसऱ्या प्रदेशाच्या नकाशावर ओळखता येते का, हे पाहावे. येत नसेल तर त्या घटकाचा स्वतंत्र सराव घ्यावा. वाचन, पाढे आणि इंग्रजी यांच्या रोजच्या सरावाला समवाय हा पर्याय नाही.

पालकांच्या मनातील शंका

‘मुले छपरे मोजत बसली तर दहावीचे काय?’ ही पालकांची शंका रास्त आहे. ज्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून मुलाला वसतिगृहात ठेवले, त्यांना गुण हवे असतात. त्यांना शिक्षणशास्त्र ऐकवून गप्प करणे योग्य नव्हे. त्यांना आम्ही वही दाखवू. पाण्याच्या आठवड्यात अभ्यासक्रमातील कोणते घटक झाले याची यादी त्या वहीत असते आणि ती पुस्तकाबाहेरची नसते. ज्या घटकांना एरवीही त्या-त्या विषयाच्या तासिका द्याव्याच लागतात, तेच येथे एका प्रश्नाभोवती येतात. दुसरे असे की, परीक्षेतील उदाहरण बदलून आले की पाठ केलेले उत्तर कोसळते; समजून घेतलेले टिकते. ज्या घरात अभ्यास समजावून सांगणारे कोणी नाही, जेथे शिकवणीला पैसे नाहीत, तेथे टिकणारे ज्ञानच परवडते. पाठांतरावरचे गुण ही आपल्या मुलांसाठी फार महागडी चैन आहे.

निवासी शाळेला तर या कामात मोठी अनुकूलता आहे. येथे शाळा पाच वाजता सुटत नाही. भोजनगृहातील धान्याचा हिशेब, बागेतील खत, आजारी मित्राची शुश्रूषा, सायंकाळची वंदना आणि त्यानंतरचे काही क्षणांचे मौन हे सारे अभ्यासक्रमच आहेत. शंभर मुलांच्या जेवणाला रोज किती तांदूळ लागतो हे आचाऱ्याकडून समजून घेणारे मूल प्रमाण शिकते आणि श्रमाचा आदरही शिकते.

सोलापूरच्या भूमीला निवासी शिक्षणाचा वारसा जुना आहे. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये त्या सभेने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, ते सोलापुरात. मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले तर ते शिकेल, हा विश्वास त्यामागे होता. आज शंभर वर्षांनंतर छप्पर आणि अन्न यांच्या पुढची पायरी आपल्याला चढायची आहे. त्या छपराखाली जे शिकवले जाते, ते मुलाच्या आयुष्याला भिडावे आणि त्याला त्या आयुष्यापलीकडेही नेऊ शकावे, एवढे काम आपल्या पिढीकडे आले आहे.

यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे आम्ही देणगीखेरीज आणखी एक गोष्ट मागतो : वर्षातील एक दिवस. आपण परिचारिका असाल, यंत्रमागावर असाल, बँकेत, शेतात, न्यायालयात वा रेल्वेत असाल. आपल्या कामात गणित कुठे लागते, भाषा कुठे लागते, कायदा कुठे आड येतो आणि कुठे साथ देतो, हे वर्गात येऊन सांगावे. आणि पालकांनी, स्वतःला अडाणी म्हणवून मागे न राहता, मातीची, धाग्याची, पिकाची जी जाण त्यांच्या हातात आहे, ती घेऊन शाळेत यावे. नव्या शिक्षकाच्या टाचणातील समवायाचा तो कोरा रकाना एकट्या शिक्षकाने भरायचा नाही. तो आपण सर्वांनी मिळून भरायचा आहे. पुढील सत्रातील पहिल्या पाण्याच्या आठवड्याला शाळेचे दार उघडे आहे. मोजायला एक पट्टी आणि लिहायला एक वही सोबत आणावी.